‘बाबा आत्ता ऐकतोय का?’ : पाच वर्षांच्या मुलीला ‘लगेच’चं बोलणं आणि ‘नंतर’चं बोलणं कसं समजावू?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. लहान मुलांबरोबर काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

माझी लेक पाच वर्षांची आहे. नवरा मालवाहू जहाजावर असतो. जहाज बंदरात किंवा किनाऱ्याजवळ असलं की रोज व्हिडिओ कॉल होतो. खोल समुद्रात गेलं की कॉल बंद. मग आम्ही व्हॉइस मेसेज पाठवून ठेवतो आणि त्याची ड्यूटी संपली, नेट मिळालं की तो ऐकतो. कधी त्याच दिवशी, कधी दोन-तीन दिवसांनी.

लेकीला या दोन्हींतला फरक कळत नाहीये. मेसेज रेकॉर्ड करताना ती विचारते, "बाबा, तुझ्या जहाजावर आज लाटा आल्या का?" आणि थांबते. फोन कानाला लावून उत्तराची वाट बघते. रेकॉर्डिंगमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येतो. मग माझ्याकडे बघून म्हणते, "बोलतच नाही." उलटंही होतं. त्याने पाठवलेला व्हिडिओ लावला की ती पळत जाऊन चित्र आणते आणि स्क्रीनसमोर धरते. व्हिडिओतला बाबा आपलं बोलत राहतो, चित्राबद्दल अवाक्षर काढत नाही. "बाबाने बघितलंच नाही." परवा तर रडत म्हणाली, बाबाची माझ्याशी कट्टी आहे.

"बाबा नंतर ऐकेल" असं मी सांगते. "नंतर म्हणजे कधी?" याचं मला खरंच नेमकं उत्तर देता येत नाही. त्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने तिला सांगून ठेवलंय की मेसेज एका सेकंदात जगात कुठेही जातो. आता ती विचारते, "मेसेज लगेच जातो ना, मग बाबा लगेच का बोलत नाही?"

हे या वयात समजतं का? समजत असेल तर सांगायचं कसं? तिला धीर धरायला शिकवावं एवढ्यापुरतं मला हे नको आहे. बापाचं आपल्याकडे लक्ष नाही असं तिच्या मनात बसू नये, ही खरी काळजी आहे.

---

कानगोष्ट

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. आधी थोडा धीर देते: तुमची लेक करतेय ते वयाला धरूनच आहे. फोनवर "हो की नाही सांग" म्हटलं की नुसती मान हलवणारं मूल तुम्ही पाहिलं असेलच. पलीकडच्याला मान दिसत नाही हे त्याच्या गावीच नसतं. पलीकडचा आत्ता तिथे आहे का, हे ओळखणं त्याच्याही पुढचं.

थेट संवाद आणि साठवलेला संवाद यांतला फरक मुलांना जाणवतो फार लवकर, समजतो मात्र बऱ्याच उशिरा. लिन मरे आणि कॉल्विन ट्रेवार्थन यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळांना आई टीव्हीच्या पडद्यावर थेट दिसायची, बाळ हसलं की आई हसायची. नंतर त्याच आईचं आधीचं रेकॉर्डिंग लावलं. चेहरा तोच, हसणंही तेच, पण बाळाच्या हुंकाराशी त्याचा मेळ नाही. बाळं अस्वस्थ झाली, नजर फिरवू लागली. पुढे हा प्रयोग इतरांनी केला तेव्हा काहींना तसंच दिसलं, काहींना नाही. पण आपल्या कृतीला समोरून लगेच उत्तर येणं मुलांसाठी किती मोलाचं असतं, हे त्यानंतर अनेक अंगांनी पुढे आलं आहे. २०१४ सालच्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली. तसाच माणूस रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत होता तेव्हा शिकली नाहीत.

आता उशिराच्या समजेबद्दल. डॅनियल पोविनेली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली लहान मुलांच्या डोक्यावर, खेळता खेळता त्यांच्या नकळत, एक स्टिकर चिकटवला आणि त्याचं चित्रण काही मिनिटांनी त्यांनाच दाखवलं. दोन-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी स्वतःला ओळखलं, पण डोक्याकडे हात नेला नाही. चार वर्षांच्या मुलांपैकी बहुतेकांनी चटकन हात वर करून स्टिकर काढला. ‘मगाशी’ घडलेलं ‘आत्ता’शी जोडलेलं आहे, ही समज साधारण त्या सुमारास येते. म्हणजे तुमची लेक ऐन उंबरठ्यावर आहे. शिकवायला ही वेळ चांगली.

एक छोटी विनंती. व्हिडिओला ती उत्तर देते तेव्हा "अगं, तो खरा बाबा नाही" असं म्हणू नका. बाबा खराच आहे, बोलणंही खरंच आहे. ते आधी बोललेलं आहे, एवढंच.

---

निळी_शाई

मी चार ते सहा वयाच्या मुलांना शिकवते, बरीच वर्षं. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे. मेसेज लगेच जातो, मग बाबा लगेच का बोलत नाही? निरोप किती वेगाने पोचतो ही एक गोष्ट आणि तो पोचला तेव्हा ऐकणारा हजर आहे का ही दुसरी. आपण मोठी माणसं मुलांना पहिलीच सांगतो. संपर्काच्या साधनांचा तक्ता आठवा: कबुतर, पत्र, तार, फोन, संगणक, हळूकडून जलदकडे. पण व्हॉइस मेसेज क्षणात पोचून दिवसभर न ऐकता पडून राहू शकतो. आणि एकाच बाकावरची दोन मुलं एका कागदावर आळीपाळीने लिहून गप्पा मारत असतील, तर तो संवाद ‘लगेच’चाच आहे. म्हणून मी साधनाचं नाव घेऊन शिकवणं सोडून दिलं. एकच प्रश्न विचारते: तू बोलतेस तेव्हा तो ऐकतोय का? ऐकत असेल तर विचारून थांबायचं. ऐकत नसेल तर सगळं सांगून निघून खेळायला जायचं.

हे तोंडी सांगून कळत नाही, खेळूनच कळतं. माझ्या वर्गातला सगळ्यात कामाचा खेळ सांगते.

दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. दोघांसमोर सारखेच ठोकळे. एक जण काहीतरी रचतो आणि बोलून सांगतो, दुसऱ्याने न बघता तेच रचायचं. पहिल्या फेरीत दुसऱ्याला हवं ते विचारायची मुभा असते. "कुठला लाल? मोठा का?" "हो, मोठा." असं करत जमतं. दुसऱ्या फेरीत पहिला मुलगा एकटाच बसून सूचना रेकॉर्ड करतो आणि बाहेर खेळायला जातो. दुसरा नंतर येऊन ऐकतो.

मागच्या खेपेला एकीने असं रेकॉर्ड केलं होतं: "आधी लाल ठेव. मग हा त्याच्यावर ठेव. नाही नाही, इकडे! हां, आता तो असा कर." ऐकणाऱ्याने टॅब्लेटलाच विचारलं, "इकडे म्हणजे कुठे?" पुन्हा लावलं. पुन्हा तेच "इकडे!" त्याने तिसऱ्यांदा लावलं, या वेळी जवळ कान नेऊन, जणू नीट ऐकलं तर उत्तर मिळेल. मग उठून थेट बाहेर गेला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. तिने स्वतःचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "मी बोटाने दाखवत होते." त्या क्षणी मी काही समजावत नाही. फक्त विचारते, "बोट आवाजात दिसतं का?" पुढच्या वेळी तिनेच सांगितलं, "निळा लांब ठोकळा घे आणि लाल चौकोनी ठोकळ्याच्या डोक्यावर आडवा झोपव." पाच वर्षांच्या मुलीचं हे वाक्य! समोर कोणी नाही, तेव्हा सगळं शब्दांतच ठेवावं लागतं हे तिचं तिला उमगलं. पुढे लिहिण्याची सुरुवात होते तेव्हा नेमकं हेच लागतं, म्हणून मला हा खेळ एवढा महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या घरी हा खेळ तुम्ही आणि लेक मिळून खेळू शकता. आळीपाळीने खेळा, नाहीतर तुमच्या नीट सूचना ऐकून तिला फरकच जाणवणार नाही.

दुसरी गोष्ट, निरोपाचा प्रवास डोळ्यांना दिसायला हवा. एका कागदावर चार घरं काढा: पाठवला, पोचला, ऐकला, उत्तर आलं. एक बटण किंवा शंख ठेवा आणि निरोप पुढे गेला की तो सरकवा. व्हॉट्सॲपवर एक करडी टिक म्हणजे निघाला, दोन करड्या म्हणजे बाबाच्या फोनपर्यंत पोचला, आणि व्हॉइस मेसेजवरचा माईक निळा झाला की बाबाने ऐकला. हे तिला दाखवा. भाच्याने सांगितलेलं एक सेकंदाचं गणित पहिल्या दोन घरांपुरतं आहे, आणि तेही बाबाच्या फोनला नेट असेल तरच. दुसऱ्या घरातून तिसऱ्यात जायला बाबा जागा हवा, कामातून मोकळा हवा. ‘पोचलं पण ऐकलं नाही’ असं एक घर असतं, हेच मुलांना माहीत नसतं. त्यांच्या लेखी उत्तर नाही म्हणजे कट्टी.

"नंतर म्हणजे कधी?" याला तास सांगू नका, या वयात तासांना अर्थ नसतो. घटना सांगा: "तू झोपून उठशील तेव्हा बाबाची ड्यूटी संपलेली असेल." आणि खात्री नसेल तर तेही सांगा: "कदाचित उद्या, कदाचित परवा. नेट मिळालं की." अनिश्चित उत्तर मुलं पचवतात. दिलेला शब्द मोडला की मात्र बिथरतात.

तिसरं, कुठल्या वेळी कुठलं बोलणं? आम्ही गोल करून बसतो आणि मी एकेक प्रसंग सांगते. खोलीत धूर दिसला. गुडघा फुटला. चित्र दाखवायचंय. मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्यात. धूर आणि गुडघ्याला सगळे एकसुरात ओरडतात: "लगेच! जवळच्या मोठ्या माणसाला!" हे पक्कं होणं सुरक्षिततेसाठी फार गरजेचं आहे. घरात काही झालं तर बाबाला मेसेज पाठवून उपयोग नाही, जो आत्ता ऐकू शकतो त्यालाच हाक मारायची, हे तुमच्या लेकीलाही नक्की शिकवा. शुभेच्छांवर मात्र वाद होतात. आणि स्वप्नावर तर फारच. मी विचारलं होतं, रात्री पडलेलं स्वप्न आजीला सांगायचंय, आजी झोपली आहे. एक जण म्हणाला थांबू. दुसरी म्हणाली, थांबलं तर स्वप्न विसरतं, आत्ताच रेकॉर्ड करून ठेवायचं, आजी उठली की ऐकेल. नंतरचं बोलणं म्हणजे काहीतरी कमअस्सल, असं आपण नकळत शिकवतो. ते तसं नाही. झोपमोड न करता सांगता येतं, पुन्हा ऐकता येतं, विचार करून बोलता येतं, चुकलं तर पुसून परत बोलता येतं. बाबाचा आवाज ती रात्री झोपताना पुन्हा ऐकू शकते, कॉलचं तसं नसतं.

जाता जाता एक, खास पालकांसाठी. मूल समोर उभं राहून बोलत असतं आणि आपण टुणकन वाजलेल्या मेसेजकडे वळतो. थांबू शकतो तो मेसेज, पण आपण थांबवतो मुलाला. असं रोज दिसत असेल तर कुठल्याही खेळाने फरक पडणार नाही. हे मृद्गंध यांना उद्देशून नाही, माझ्या वर्गाच्या प्रत्येक पालकसभेत मी हे बोलते.

---

जुना_टपालवाला

नोकरी सगळी टपालखात्यात गेली, आता निवृत्त आहे. निळी_शाई यांचं लिखाण आवडलं, पण थोडं वेगळं मत मांडतो. पाच वर्षांच्या लेकराला टिका आणि माईकचे रंग शिकवले की ते दिवसभर टिकाच बघत बसेल. मोठ्या माणसांचं झालंय ते पाहतोच आहोत. मी तिला कागद देईन. पत्र पाकिटात घातलं, पेटीत टाकलं, हातातून गेलं. आता ते कुठवर गेलं हे बघायची सोयच नाही, त्यामुळे मूल आपल्या खेळाला लागतं.

माणसाने हजारो वर्षं उशिराच्या निरोपांवर संसार केले. १८४४ साली मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार धाडली. तारेचा जमाना येण्याआधी धूर, झेंडे, मशाली असले दृष्टीच्या टप्प्यातले इशारे सोडले तर बहुतेक निरोप माणसाच्या, घोड्याच्या, जहाजाच्याच वेगाने जायचे. त्याची किंमतही मोजावी लागे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या तहावर २४ डिसेंबर १८१४ रोजी युरोपात घेंट इथे सह्या झाल्या. ती बातमी समुद्रापार पोचण्याआधी ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लीन्सला लढाई झाली आणि शेकडो माणसं मेली.

पण त्या काळच्या पत्र लिहिणाऱ्यांनी उशिरावर उपाय शोधले होते, ते तुमच्या घरी आजही चालतील. पहिला, पत्रावर तारीख आणि ठिकाण. वाचणाऱ्याला कळावं की हे ‘तेव्हाचं’ आहे. दुसरा, उत्तर देताना प्रश्न परत लिहायचा. "तू विचारलं होतंस की लाटा आल्या का, तर हो, आल्या." कारण विचारणारा एव्हाना विसरलेला असतो, आणि लहान मूल तर नक्कीच. तिसरा, नंबर. दर्यावर्दी आणि सैनिकांच्या घरची माणसं पत्रांवर क्रमांक घालत. टपाल उलटसुलट पोचे, चौथं आधी आणि तिसरं मागाहून. नंबर असला की मधलं एखादं अजून वाटेत आहे हे समजे आणि उगाच गैरसमज होत नसत. तुमच्या व्हॉइस मेसेजनाही नंबर घाला. "बाबा, हा माझा सात नंबरचा निरोप." बाबाने म्हणायचं, "सात नंबरला उत्तर देतोय."

---

दुर्बीण

टपालवाले काका, नंबरांची कल्पना झकास.

मी भाच्याबद्दल लिहितो, कारण नऊ वर्षांच्या मुलाला थोडं पुढचं देता येईल आणि मग तो धाकटीला बरोबर माहिती देईल. ‘एका सेकंदात कुठेही’ हे पृथ्वीपुरतं ठीक आहे. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे जायला साधारण १.३ सेकंद आणि उत्तर परत यायला तेवढेच. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्यांशी पृथ्वीवरून बोलताना प्रश्न संपल्यापासून उत्तर ऐकू येईपर्यंत किमान अडीच सेकंद जायचे. हा संवाद ‘लगेच’चा, पण जरा अडखळता. मंगळावर निरोप जायला ग्रहांच्या जागांप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथे फोनवरच्यासारखं बोलणं शक्यच नाही. व्हॉयेजर १ हे १९७७ साली सोडलेलं यान आता इतकं लांब आहे की निरोप एका बाजूने जायलाच २३ तासांहून जास्त लागतात.

भाच्याला ऑगस्ट २०१२ मधलं क्युरिऑसिटी या यानाचं मंगळावर उतरणं सांगा. वातावरणात शिरल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत सुमारे ७ मिनिटं, आणि संदेश पृथ्वीवर यायला सुमारे १४ मिनिटं. म्हणजे "मी वातावरणात शिरलो" हा संदेश मिळाला तेव्हा यान केव्हाच खाली पोचलेलं होतं, सुखरूप की तुकडे होऊन हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. मधे "जरा डावीकडे घे" म्हणायची सोय नव्हती. सगळ्या सूचना आधीच, पूर्ण, नेमक्या लिहून ठेवलेल्या होत्या. निळी_शाई यांच्या वर्गातल्या त्या मुलीला ठोकळ्यांत जे उमगलं, तेच.

घरात खेळायचं तर: भाचा यंत्रमानव, लेक नियंत्रक. लेकीने "पुढे", "थांब", "वळ" हे चिठ्ठीवर बाणांनी काढायचं. तुम्ही चिठ्ठी घेऊन सावकाश वीस आकडे मोजायचे आणि मग भाच्याला द्यायची. तोवर तो आधीच्या चिठ्ठीप्रमाणे चालत राहणार. उशी आडवी आली की "थांब" पोचेपर्यंत तो उशीवर गेलेला असतो. एक-दोनदा असं झालं की मुलं एकाच चिठ्ठीत "पाच पावलं पुढे, मग थांब" असं लिहू लागतात.

---

निळी_शाई

टपालवाले काका, टिका बघत बसण्याचा तुमचा मुद्दा मला पटला. त्यामुळे मी सांगितलेल्यात भर घालते: फोन तिच्या हातात देऊन टिका तपासू द्यायच्या नाहीत. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आईने बघायचं आणि बटण सरकवायचं. पत्राची पेटीही दिवसातून ठरावीक वेळीच उघडते, तसं. माझ्या वर्गात निरोपांचा डबा आहे, तो घरी जाण्याआधीच उघडतो. मधे कितीही मागे लागले तरी नाही.

पण नुसता कागद पुरेल असं मला वाटत नाही. ही मुलं ज्या जगात वाढतायत तिथे लगेच आणि नंतर हे एकाच यंत्रात बसलेले आहेत. एकाच फोनवर, बाबाच्या एकाच फोटोखाली, कॉलचं बटण आहे आणि मेसेजचंही. गोंधळ तिथेच होतो, तर तो तिथेच सोडवायला हवा.

---

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

ठोकळ्यांचा खेळ खेळलो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी मुद्दाम "ते तिकडे ठेव" म्हटलं, तर लेक वैतागली, "आई, असं नाही सांगायचं, बाबाला कसं कळणार?" बाबाचं नाव तिनेच काढलं! त्यानंतरच्या निरोपात तिने प्रश्न विचारला आणि थांबली नाही. "लाटा आल्या का ते नंतर सांग. आता मी चित्राचं सांगते. चित्रात जहाज आहे, त्याला चार खिडक्या आहेत, एका खिडकीत तू आहेस." अख्खं चित्र शब्दांत.

नवऱ्याला हा धागा पाठवला. तो आता प्रत्येक निरोपाची सुरुवात अशी करतो: "हा माझा अकरा नंबरचा निरोप. आत्ता इथे रात्र आहे, तू ऐकशील तेव्हा तुझ्याकडे सकाळ असेल." आणि तिचा प्रश्न परत म्हणून मग उत्तर देतो. व्हिडिओ पाठवतो तेव्हा आधी सांगतो, "हे मी आधी काढून ठेवलंय, आत्ता मला तू दिसत नाहीयेस. चित्र जपून ठेव, कॉलवर दाखव." या एका वाक्याने किती फरक पडला! तिने एका खोक्यात ‘कॉलवर दाखवायच्या’ वस्तू जमवायला सुरुवात केली आहे.

भाचा मंगळाने भारावला आहे आणि प्रत्येक चिठ्ठीला वीसच्या जागी दोनशे मोजायला सांगतो.

आता एक अडचण उरली. जहाजावरचं नेट बंद पडलं आहे असं काल कंपनीकडून समजलं. काही दिवस निरोप पोचणारच नाहीत. बटण पहिल्या घरातच अडकून आहे. मी त्याचे जुने, तिने न ऐकलेले दोन मेसेज राखून ठेवले आहेत, ते आजचे म्हणून लावू का? तिची समजूत निघेल असं वाटतं, पण मन घेत नाही.

---

कानगोष्ट

आजचे म्हणून लावू नका. ती नुकतीच ‘हे आधीचं, हे आत्ताचं’ असं वेगळं करायला लागली आहे, त्यातच घोटाळा होईल. पण लावायला हरकत नाही! "बाबाचा जुना निरोप सापडला, तू अजून ऐकला नव्हतास" असं खरं सांगून लावा. तिला आनंद तेवढाच होईल.

---

निळी_शाई

कानगोष्ट यांच्याशी पूर्ण सहमत. बटण पहिल्या घरात अडकलं असेल तर अडकलेलंच दिसू द्या. "निरोप निघालाय, बाबाच्या फोनला नेट नाही, म्हणून पोचलेला नाही. बाबाला आपला निरोप मिळालेलाच नाही, त्यामुळे तो उत्तर देऊच शकत नाही." हे वाक्य तिच्या कट्टीच्या शंकेवर थेट लागू पडतं, म्हणून याच शब्दांत सांगा आणि रोज विचारलं तर रोज सांगा. बाबा ठीक आहे हे जहाजाच्या कंपनीकडून कळत असेल तर तेही वेगळं सांगा: "बाबा बरा आहे, हे दुसऱ्या काकांनी कळवलं." निरोप न पोचणं आणि माणसाला काही होणं या गोष्टी मुलांच्या डोक्यात पटकन एक होतात.

तिला निरोप पाठवायचे असतील तर थांबवू नका. नंबर घालून पाठवत राहा, नेट आलं की सगळे एकदम जातील. नवऱ्याला मात्र आधी कळवून ठेवा की एकगठ्ठा आलेल्या निरोपांना एकाच मेसेजमध्ये ‘सगळे ऐकले’ असं उत्तर देऊ नकोस. नंबर घेऊन, एकेकाला, थोडक्यात का होईना, उत्तर दे. तिला सगळे नंबर पाठ असतील.

आणि कॉल लागला की खोक्यातल्या सगळ्या वस्तू दाखवायचा आग्रह नको. त्या वेळी तिला जे सुचेल ते बोलू दे, खोकं पुढच्या कॉललाही चालेल.